बीजगणिताच्या वर्गाचे नियम

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत आणि राज्य विद्यापीठांत ‘कॉलेज अल्जिब्रा’ नावाचा एक कोर्स असतो. साधारण तीन क्रेडिटचा, एका सेमिस्टरचा. फलने, एकघाती आणि वर्गसमीकरणे, बहुपदी, छेदात क्ष असलेले अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम आणि वेळ उरला तर मॅट्रिक्स व श्रेढी, एवढा त्याचा पसारा. महाराष्ट्रात नववी ते बारावीच्या पुस्तकांत विखुरलेला हा भाग तिथे पंधरा-सोळा आठवड्यांत पुरा करायचा असतो. वर्गात अठरा वर्षांची मुले असतात, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या बाया असतात, सैन्यातून परतलेले असतात, दहा-पंधरा वर्षे नोकरी करून पुन्हा शिकायला आलेले असतात. यांतले बहुतेक पुढे कॅल्क्युलसच्या वाटेला जात नाहीत; पदवीच्या अटींत गणिताचा एक कोर्स आहे म्हणून ते येतात. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या ‘अ कॉमन व्हिजन’ या २०१५ च्या अहवालाप्रमाणे या कोर्समध्ये ए, बी किंवा सी श्रेणी मिळवणारे सरासरी निम्मेच असतात. उरलेल्यांपैकी अनेकांची पदवी इथेच अडते.

पहिल्या तासाला या वर्गाच्या हाती सिलॅबस पडतो. कधी सहा पानांचा, कधी बारा. आपल्याकडे अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, पेपर काढणारा एक, तपासणारा दुसरा आणि शिकवणारा तिसराच. तिथे शिकवणारा स्वतः हा दस्तऐवज लिहितो किंवा विभागाच्या साच्यात स्वतःचे नियम भरतो, आणि एकदा वाटल्यावर तो शिक्षकालाही बांधून घेतो. सेमिस्टरच्या मध्यावर परीक्षेचे वजन बदलले तर विद्यार्थी तक्रार घेऊन विभागप्रमुखाकडे जाऊ शकतो आणि त्याची बाजू सहसा ऐकली जाते. पुण्या-मुंबईहून गणित किंवा संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला गेलेल्या मुलामुलींना शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात बरेचदा हाच कोर्स शिकवावा लागतो. आयुष्यभर दुसऱ्याने काढलेले पेपर सोडवलेल्या माणसाला गैरहजेरीचे गुण किती कापायचे, हे पहिल्यांदाच स्वतः ठरवायला लागते. ही जबाबदारी वाटते त्याहून मोठी आहे.

ती पार पाडताना एक कसोटी कामाला येते. प्रत्येक कलमाला विचारावे, हे बीजगणिताच्या स्वभावातून आले आहे की कार्यालयाच्या सवयीतून? बीजगणित हा एकावर एक चढत जाणारा विषय आहे. तिसऱ्या आठवड्यात अवयव पाडायला शिकले नाही, तर सातव्या आठवड्यात छेदात क्ष असलेले अपूर्णांक येतात तेव्हा हात टेकावे लागतात. इतिहासाच्या वर्गात एखादे प्रकरण चुकले तरी पुढचे वाचता येते. इथे तशी मुभा नाही. विषयाच्या या बांधणीमुळे काही कडक नियम योग्यच ठरतात. जे कडक नियम तिच्यातून येत नाहीत ते मात्र नेमके त्याच विद्यार्थ्यांच्या मुळावर येतात, ज्यांच्यासाठी हा कोर्स मुळात आहे.

पहिले कलम पूर्वअटीचे. इंटरमीजिएट अल्जिब्रामध्ये सी किंवा वरची श्रेणी, नाहीतर प्लेसमेंट परीक्षेत ठरावीक गुण. कलम बीजगणिताला धरून आहे. पायाच नसेल तर वर कुठे चढणार? पण वर्षानुवर्षे त्याचा अंमल फार निष्ठुर झाला. कॉलेजात प्रवेश घेतलेल्या मुलाला संगणकावर तास-दीड तासाची परीक्षा द्यायची, तीही बरेचदा कसलीच तयारी न करता, आणि त्या एका बैठकीवर त्याला खालच्या पायरीवर बसवायचे. अंकगणित, प्रीअल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमीजिएट अल्जिब्रा अशी ही शिडी. फी पूर्ण, पण पदवीच्या क्रेडिटमध्ये सहसा शून्य. समजा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले ७० पार होतात. तिन्ही पार करणारे ३४ उरतात, तेही मधल्या सुट्टीत कोणीच कॉलेज सोडले नाही असे धरून. शिडी जितकी लांब, तितकी गळती जास्त. हे कळायला कॉलेज अल्जिब्राचीही गरज नाही.

२०१२ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या अभ्यासांनी दाखवून दिले की प्लेसमेंट परीक्षेपेक्षा हायस्कूलच्या चार वर्षांतले एकूण गुण विद्यार्थ्याबद्दल जास्त खरे सांगतात. एका दुपारच्या परीक्षेत जे दिसत नाही ते चार वर्षांच्या गुणपत्रकात दिसते: हा मुलगा रोज येतो का, गृहपाठ पुरा करतो का, एकदा आपटल्यावर उठतो का. देशभर वापरली जाणारी ‘कम्पास’ ही प्लेसमेंट परीक्षा तिच्या कंपनीने २०१६ मध्ये बंद केली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा करून कम्युनिटी कॉलेजांना हायस्कूलचे गुण विचारात घेणे बंधनकारक केले. टेनेसीत २०१५ पासून वेगळी वाट धरली गेली. कच्च्या विद्यार्थ्याला सरळ कॉलेज पातळीच्या कोर्सला बसवायचे आणि त्याच सेमिस्टरमध्ये जोडीला एक आधारवर्ग द्यायचा. मंगळवारी लॉगॅरिदम, बुधवारी त्यासाठी लागणारे घातांकाचे नियम. या पद्धतीत पूर्वअट रद्द होत नाही, ती कोर्सच्या आत येते. जे शिकायचे राहिले ते लागेल तेव्हा शिकवले जाते, आणि विद्यार्थ्याला ते कशासाठी ते लगेच दिसते. पूर्वअटीचा हा सगळ्यांत समंजस अर्थ.

मग वेळेचा हिशेब येतो. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१० च्या व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम. म्हणजे तीन क्रेडिटच्या कॉलेज अल्जिब्राला आठवड्याला नऊ तास. पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला १२ क्रेडिट लागतात, म्हणजे एकूण ३६ तास. हा आकडा सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहिलेला असावा, आणि तो दरडावण्यासाठी लिहू नये. ज्याची आठवड्याला ३० तासांची नोकरी आहे त्याला तो वाचून पहिल्याच आठवड्यात ठरवता येते की या सेमिस्टरला दोनच कोर्स घ्यावेत. उशिरा कळलेला हिशेब महाग पडतो.

पुस्तक आणि साधने यांच्या कलमाखाली खर्च दडलेला असतो. बऱ्याच कॉलेजांत गृहपाठ मायलॅब मॅथ किंवा अ‍ॅलेक्ससारख्या संगणकीय प्रणालीवर असतो आणि तिचा अ‍ॅक्सेस कोड विकत घ्यावा लागतो. जुने पुस्तक अर्ध्या किमतीत मिळते, वापरलेला कोड कुणाच्या कामाचा नाही. शिष्यवृत्तीचे पैसे हाती येईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तोवरचा गृहपाठ शून्यावर बसतो. बऱ्याच प्रणालींत दोनेक आठवडे फुकट प्रवेशाची सोय असते. शिक्षकाने ती सिलॅबसमध्ये ठळक छापावी, तळटीपेत नको. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१५ मध्ये ‘कॉलेज अल्जिब्रा’ हे पूर्ण पुस्तक फुकट उपलब्ध केले. ते आल्यापासून महागडे पुस्तक सक्तीचे करायचे तर शिक्षकाकडे त्याला चांगले कारण असायला हवे.

कॅल्क्युलेटरबाबत नियम बारकाईने लिहिलेला असतो आणि तसाच हवा. टीआय-८४ चालतो, टीआय-८९ किंवा एन्स्पायरचे सीएएस मॉडेल परीक्षेत चालत नाही, फोन तर मुळीच नाही. नवख्याला हा भेद मनमानी वाटतो. टीआय-८४ आलेख काढतो, आकडेमोड करतो, पण क्ष हा क्ष म्हणून हाताळत नाही. सीएएस यंत्र अवयवही पाडून देते आणि समीकरणही सोडवून देते. परीक्षा ज्याची आहे तेच यंत्राने करायचे म्हटल्यावर परीक्षेत उरते काय? इथे नियम थेट विषयातून आला आहे, आणि कारण एका ओळीत सांगितले तर वर्गाला तो पटतो. काही विभाग सगळेच कॅल्क्युलेटर बंद करतात. मग पेपरातले आकडे हाताने सुटतील असे निवडणे हे पेपर काढणाऱ्याचे कर्तव्य होते.

हजेरीचा नियम मराठी वाचकाला ओळखीचा आहे. ७५ टक्के हजेरी, डिफॉल्टर यादी, पालकांना पत्र, शेवटी वैद्यकीय दाखला. आपल्या कॉलेजांत हे चक्र दर वर्षी फिरते. अमेरिकेतही कित्येक सिलॅबसमध्ये चार किंवा पाच गैरहजेऱ्यांनंतर एकूण गुणांतून टक्के कापतात, काही ठिकाणी शिक्षक विद्यार्थ्याला कोर्समधून काढूही शकतो. बीजगणितात रोज वर्गात असण्याचा फायदा होतो यात शंका नाही. तरी गैरहजेरीचे वेगळे गुण कापणे म्हणजे एकाच चुकीची दोनदा शिक्षा: जो आला नाही त्याचे परीक्षेतले गुण आधीच गेलेले असतात. त्यापेक्षा बरी पद्धत अशी की दर तासाच्या शेवटी पाच मिनिटांचा एक प्रश्न द्यायचा, त्याच दिवशी शिकवलेल्यावर, आणि त्यातले सगळ्यांत कमी गुणांचे चार-पाच सोडून द्यायचे. ज्याचे मूल आजारी पडले त्याला दाखला आणायची नामुष्की नाही, आणि शिक्षकालाही संध्याकाळपर्यंत कळते की वर्गाचे कुठे अडले.

गृहपाठाची अपेक्षा या सगळ्या दस्तऐवजाचे हृदय आहे. संगणकावरच्या गृहपाठात बरोबर उत्तर येईपर्यंत कितीही वेळा प्रयत्न करता येतो, आकडे बदलून तोच प्रश्न पुन्हा येतो, शेजारी ‘उदाहरण दाखवा’ असे बटण असते. सरावासाठी ही सोय उत्तम. धोका एवढाच की विद्यार्थी उदाहरणाची नक्कल करत आकडे तेवढे बदलतो आणि शंभरपैकी ९८ मिळवतो. मग परीक्षेत ५२ आले की त्याला धक्का बसतो, आणि तो धक्का खरा असतो; त्याने खरोखर तास घातलेले असतात. म्हणून जाणते शिक्षक संगणकाच्या गृहपाठाला १० ते १५ टक्क्यांहून जास्त वजन देत नाहीत आणि दर आठवड्याला दोन-तीन गणिते कागदावर, पूर्ण पायऱ्यांसह मागतात.

उशिरा दिलेल्या गृहपाठाबाबत ‘एक मिनिटही उशीर चालणार नाही’ हे वाक्य पुष्कळ सिलॅबसमध्ये आढळते. शिस्त म्हणून ते लिहिले जाते, पण बीजगणिताच्या बाजूने पाहिले तर ते उलटे आहे. मुदत गेली आणि गुण शून्यच मिळणार, तर तो गृहपाठ कोणी करणारच नाही. म्हणजे अवयवांचा सराव कायमचा राहिला. त्याऐवजी त्या भागावरची परीक्षा होईपर्यंत ८० टक्के गुणांवर गृहपाठ स्वीकारला, तर परीक्षेआधीच्या रात्री का होईना, सराव घडतो. परीक्षेनंतर मात्र दार बंद, कारण सरावाचे काम तिथे संपलेले असते. मुदत हवीच, पण ती कुठे ठेवायची हे विषयाला विचारून ठरवावे.

‘सर्व पायऱ्या दाखवा; नुसत्या उत्तराला गुण नाहीत’ हे परीक्षेचे कलम विद्यार्थ्यांना सगळ्यांत जाचक वाटते आणि सगळ्यांत जास्त समर्थनीय तेच आहे. एक गणित पाहण्यासारखे आहे: √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५. सगळे एका बाजूला आणल्यावर क्ष² − ११क्ष + १८ = ०. अवयव पडतात (क्ष − ९) आणि (क्ष − २), म्हणून क्ष = ९ किंवा क्ष = २. इथे थांबणारा निम्मा वर्ग असतो. मूळ समीकरणात ९ घातले तर डावीकडे √१६ म्हणजे ४ आणि उजवीकडे ९ − ५ म्हणजे ४, जुळले. २ घातले तर डावीकडे √९ म्हणजे ३ आणि उजवीकडे २ − ५ म्हणजे उणे ३, जुळत नाही. वर्ग करताना उणे-अधिकचा फरक पुसला गेला आणि एक खोटे उत्तर आत शिरले. ते बाहेर काढायचा सरळ मार्ग, ताळा करणे. ‘९ किंवा २’ लिहिणाऱ्याला दहापैकी आठ द्यावेत, कारण त्याचे सगळे बरोबर आहे, शेवटचा ताळा राहिला. नुसते ‘९’ लिहिणाऱ्याने ताळा केला, की शेजाऱ्याचे पाहिले, की फोनवर शोधले, हे कागदावरून कळत नाही.

दुसऱ्या एका विद्यार्थिनीने (क्ष − ५) चा वर्ग क्ष² − २५ असा केला. ही चूक पृथ्वीच्या पाठीवरच्या प्रत्येक बीजगणिताच्या वर्गात होते. तिचे समीकरण झाले क्ष² − क्ष − ३२ = ०, मग तिने वर्गसमीकरणाचे सूत्र वापरले आणि उत्तर आले (१ ± √१२९) ÷ २, साधारण ६.१८ आणि उणे ५.१८. उत्तर साफ चुकले. पण पायऱ्या समोर असतील तर दिसते की वर्ग कधी करायचा हे तिला माहीत आहे, पदे एका बाजूला आणता येतात, सूत्र पाठ आहे आणि ते बरोबर वापरता येते. चुकले ते एकाच ठिकाणी, मधले पद गळाले. तिला पाच-सहा गुण मिळायला हवेत, आणि समासात लाल शाईने ‘(क्ष − ५)(क्ष − ५) पूर्ण गुणून बघ’ एवढे लिहायला हवे. ६.१८ घालून ताळा केला असता तर डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे १.१८ आले असते आणि चूक तिची तिलाच सापडली असती. पायऱ्या मागणारा शिक्षक त्या वाचायलाही बांधील असतो. तपासलेला पेपर आठवड्याच्या आत परत मिळेल असे कलम म्हणूनच सिलॅबसमध्ये असायला हवे. तीन आठवड्यांनी परत आलेल्या पेपरावरची लाल शाई कोणी वाचत नाही.

गुणांची विभागणी बहुतेकांना कळलेली नसते, आणि हे अज्ञान दूर करायला बीजगणिताचाच वर्ग ही उत्तम जागा आहे. समजा गृहपाठाला १५ टक्के, छोट्या चाचण्यांना १५, तीन परीक्षांना मिळून ४५ आणि अंतिम परीक्षेला २५. एखाद्याचे गृहपाठात ९०, चाचण्यांत ८० आणि परीक्षांत सरासरी ६२ आहेत. हाती आलेले गुण १३.५, १२ आणि २७.९, म्हणजे ५३.४. सी श्रेणीला ७० लागतात. अंतिम परीक्षेतले गुण क्ष धरले तर ५३.४ + ०.२५क्ष = ७०, म्हणून क्ष = ६६.४. म्हणजे ६७ आणले की पास. कोर्सच्या पहिल्याच प्रकरणातले हे एकघाती समीकरण. ज्याला ते स्वतः मांडता येते तो शेवटच्या आठवड्यात ‘माझे काय होईल’ असा ईमेल पाठवत नाही. आपल्याला काय करायचे आहे हे त्याला माहीत असते. पहिल्या आठवड्याचा एक गृहपाठ सिलॅबसवरच असावा, आणि त्यात हेच गणित असावे.

शून्याचे बळही याच आकडेमोडीत कळते. तीन परीक्षांत ७५, ० आणि ७५ असले तर सरासरी ५०. एका चुकलेल्या परीक्षेने सी चा विद्यार्थी नापास होतो. म्हणून पुष्कळ शिक्षक एक नियम ठेवतात: अंतिम परीक्षेचे गुण सगळ्यांत कमी गुणांच्या परीक्षेच्या जागी धरले जातील, जास्त असतील तर. ७८, ४१ आणि ७४ ची सरासरी ६४ च्या आसपास. अंतिम परीक्षेत ७६ आले आणि ४१ च्या जागी बसले की सरासरी ७६ होते. हा नियम बीजगणिताला शोभणारा आहे. अंतिम परीक्षा सगळ्या कोर्सवर असते. ऑक्टोबरात जे येत नव्हते ते डिसेंबरात येऊ लागले असेल, तर ऑक्टोबरचे ४१ आता कशाचे माप आहे? पुनर्परीक्षेची कटकट यात नाही आणि चुकलेल्या परीक्षेसाठी खऱ्या-खोट्या कारणांची छाननीही नाही.

कोर्स सोडण्याची शेवटची तारीख हे कलम छोटे असते, परिणाम मोठे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सोडला तर नोंदच राहत नाही. त्यानंतर ठरलेल्या तारखेपर्यंत सोडला तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ येतो, जो सरासरीत धरला जात नाही. त्यानंतर जी मिळेल ती श्रेणी. पण ‘डब्ल्यू’ फुकट नसतो. सरकारी आर्थिक साहाय्य चालू राहायला घेतलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक हिस्सा, बहुतेक कॉलेजांत ६७ टक्के, पूर्ण झालेला लागतो, आणि ‘डब्ल्यू’ त्यात अपूर्ण म्हणूनच मोजला जातो. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या मुलांना याहून मोठा धोका. महाराष्ट्रातून बारावीनंतर थेट तिकडे गेलेल्या मुलाने १२ क्रेडिट घेतले आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला न विचारता त्यातला एक कोर्स सोडला, तर तो पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही आणि त्याचा व्हिसाचा दर्जाच अडचणीत येतो. सिलॅबसमध्ये नुसती तारीख पुरत नाही. सोडण्याआधी आर्थिक साहाय्याच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा, अशी एक ओळ कुणाचे तरी वर्ष वाचवते. शिवाय शिक्षकाने पहिल्या परीक्षेचे गुण त्या तारखेच्या बऱ्याच आधी द्यायला हवेत. त्याखेरीज विद्यार्थी ठरवणार कशाच्या जोरावर?

प्रामाणिकपणाचे कलम गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त फुगले आहे. वुल्फ्रम अल्फा २००९ मध्ये आले, कॅमेऱ्याने गणित वाचून सोडवणारे फोटोमॅथ २०१४ मध्ये, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी. घरी केलेल्या गृहपाठातून आता विद्यार्थ्याबद्दल फारसे काही कळत नाही, हे मान्य करून नियम लिहावे लागतात. नुसत्या धमक्यांची यादी कामाची नाही. काय चालेल हे लिहिणे जास्त उपयोगी: उत्तर पडताळायला साधन वापरा, मित्रांबरोबर बसून सोडवा, शिकवणी केंद्रात मदत घ्या, पण कागदावर जे लिहाल ते पुस्तक मिटून, स्वतःचे, आणि विचारले तर फळ्यावर समजावता येईल असे. एकत्र अभ्यास करणे ही चोरी नव्हे, हे ठासून सांगायची गरज आहे. गणितज्ञ यूरी ट्राइझमन यांना १९७० च्या दशकात बर्कलीमध्ये असे दिसले की कॅल्क्युलसच्या वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी गटाने बसून एकमेकांची गणिते तपासत, तर कृष्णवर्णीय विद्यार्थी तेवढेच कष्ट एकट्याने करत आणि मागे पडत. त्यांनी गटाने अवघड गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल पालटले. गटात बसण्यावर आडून बंदी घालणारा नियम, तो कितीही चांगल्या हेतूने लिहिला असला तरी, मुलांना पुन्हा एकटे पाडतो.

गोपनीयतेचे कलम तिथल्या मराठी पालकांना अनोखे वाटते. आपल्याकडे निकाल भिंतीवर लागतो आणि वडील थेट प्राचार्यांना भेटतात. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजात गेलेल्या मुलाच्या गुणांवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, मग फी कोणीही भरो. काही अपवाद आहेत, पण मुलाच्या लेखी संमतीवाचून शिक्षक सहसा आईवडिलांशी गुणांबद्दल बोलत नाही. आई काळजीपोटी विचारते, शिक्षक नम्रपणे नकार देतो, आणि अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या ‘डी’ बद्दल घरी स्वतःच बोलावे लागते.

अपंगत्वासंबंधीचे कलम १९७३ च्या पुनर्वसन कायद्यावर आणि १९९० च्या एडीए कायद्यावर उभे आहे. डिस्लेक्सिया, दृष्टिदोष, चिंताविकार असलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या कार्यालयाकडून पत्र मिळते आणि शिक्षक दीडपट वेळ किंवा शांत खोली देतो. आजार कोणता हे शिक्षकाला सांगण्याची सक्ती नसते. बीजगणितात वेळेची घाई हा मापनाचा भाग क्वचितच असतो. वर्गसमीकरण तीन मिनिटांत सुटले की पाच, याने समज ठरत नाही. तेव्हा पन्नास मिनिटांच्या तासाला पस्तीस मिनिटांचा पेपर काढला तर सगळ्यांचीच सोय होते.

ऑफिस अवर्स, म्हणजे शिक्षकाला भेटायच्या ठरलेल्या वेळा, प्रत्येक सिलॅबसमध्ये असतात, खोली क्रमांकासह, आणि तिथल्या खुर्च्या बहुधा रिकाम्या राहतात. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला काय विचारायचे हेच कळत नसते, शिवाय विचारणे म्हणजे ‘ढ’ असल्याची कबुली वाटते. नुसते ‘जरूर या’ लिहून हे सुटत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाने एकदा, पाच मिनिटे, स्वतःचे एक अपुरे गणित घेऊन यायचे, हे गृहपाठाच्या गुणांत धरले की दार उघडते. एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो. ज्यांची नोकरी दिवसाची आहे त्यांच्यासाठी आठवड्यातला एक तास संध्याकाळी व्हिडिओवर असावा.

शेवटी येतो कोर्स पुन्हा घेण्याचा नियम. नापास झालेला किंवा ‘डी’ मिळालेला विद्यार्थी कॉलेज अल्जिब्रा पुन्हा घेऊ शकतो. बहुतेक कॉलेजांत नवी श्रेणी सरासरीत धरतात आणि जुनी गुणपत्रकावर दिसत राहते. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत साधारणपणे असे तीनच प्रयत्न मिळतात. फ्लोरिडात तिसऱ्या प्रयत्नाला विद्यार्थ्याकडून शिकवण्याचा पूर्ण खर्च घेतात, म्हणजे फी कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे दुसऱ्यांदा बसणाऱ्याशी शिक्षकाने पहिल्या आठवड्यातच बोलायला हवे: मागच्या वेळी कुठे अडले, अवयवांवर की लॉगॅरिदमवर, की नोकरीच्या पाळ्यांवर. अवयवांवर अडले असेल तर आधारवर्ग आहे. पाळ्यांवर अडले असेल तर रात्रीचा वर्ग किंवा ऑनलाइन वर्ग आहे. आणि ज्याच्या पदवीला कॅल्क्युलस लागतच नाही त्याला विचारावे की संख्याशास्त्राचा कोर्स त्याच्या विभागाला चालेल का. पुष्कळ विभागांना तो चालतो, पण दोनदा नापास होईपर्यंत हे त्याला कोणी सांगितलेले नसते.